पोचे : काढावयाचे आणि ठेवावयाचे

मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता खालापूर ओलांडून खोपोलीत शिरतो आणि तेथून घाटाची चढण लागेपर्यंत त्याच्या दुतर्फा जी दुकाने दिसतात, त्यांत चहा, वडापाव आणि पंक्चर ह्यांच्या खालोखाल नजरेत भरतात ती डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे. ते स्वाभाविकही आहे. कारण कोकण व देश ह्यांना सांधणारा बोरघाट पेशवाईत वाहता होता, इंग्रजी अंमलात वाहता होता आणि २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग सर्वस्वी खुला झाल्यावरही वाहता आहे, परंतु त्याची वळणे, उतार आणि पावसाळ्यातील धुके ह्यांनी वाहनांच्या पत्र्याकडून वसूल केलेली पट्टी मात्र कोणत्याही राजवटीत माफ झालेली नाही. ज्या गावावरून वाहने घाट चढतात-उतरतात, त्या गावास पत्रा सरळ करणारे हात लागतात, आणि ते हात येथे मुबलक आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मोटार नव्हे. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळण्यापूर्वी जो कुलाबा जिल्ह्याचा घाटालगतचा मुलूख म्हणून ओळखला जाई, त्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हळदीची रात्र, लग्नाची वरात, गावदेवीची पालखी आणि भाद्रपदातील विसर्जन ही बँडावाचून अथवा बँजोपार्टीवाचून पार पडल्याचे क्वचितच ऐकिवात येते. माघी चतुर्थीला महडच्या वरदविनायकाकडे लोटणाऱ्या गर्दीतही वाद्यांचा गजर असतोच, आणि प्रजासत्ताकदिनी शाळेच्या कवायतीला पावले जुळवून देण्याचे काम एखादा साइड ड्रम करीत असतो. हा ड्रम म्हणजे खांद्यावरून पट्ट्याने डाव्या मांडीशी लटकविलेले, दोन्ही अंगांनी मढविलेले आणि खालच्या चामड्याला चाटून जाणाऱ्या तारांमुळे करकरीत बोलणारे वाद्य. ह्याच्याच बैठ्या, बारीक घडणीच्या भावंडास बँडवाले आणि स्टुडिओवाले स्नेअर म्हणतात. डग्ग्याच्या धातूच्या अंगाला आपल्याकडे भांडे म्हणतात, म्हणून ह्याही धातूच्या कड्यास मी पुढे भांडेच म्हणणार आहे. बहुधा १४ इंच व्यासाचे, ५ ते साडेसहा इंच उंचीचे आणि जेमतेम एक मिलीमीटर जाडीचे हे भांडे टेम्पोच्या टपावरून, एसटीच्या मागच्या बाकाखालून आणि मांडवातील स्पीकरांच्या उतरंडीवरून वर्षानुवर्षे प्रवास करते, आणि त्या प्रवासाची नोंद त्याच्या अंगावर पोच्यांच्या रूपाने उमटत जाते. घाटाखाली पोचे काढणारे इतके असताना, जुन्या पितळी ड्रमाचे पोचे येथल्या येथे निघू शकतात काय, आणि निघत असतील तर ते काढावेत काय, हे दोन प्रश्न मला पुष्कळ दिवस भेडसावीत होते. पहिल्याचे उत्तर सोपे निघाले. दुसऱ्याचे तसे निघाले नाही.

ही वाद्ये ह्या बाजूस आली ती लष्कराच्या मागोमाग आणि रेल्वेच्या सोयीने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १८६३ मध्ये कर्जतवरून घाट चढून पलीकडे गेला, तेव्हापासून धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांतील जिन्नस एका दिवसात कर्जतच्या फलाटावर उतरू लागणे शक्य झाले. पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेली वाद्ये लग्नाच्या बँडात नोकरीस लागली. पुढे मीरतच्या जाली कोठी नामक मोहल्ल्याने देशभरच्या बँडांना ड्रम आणि तुताऱ्या पुरविण्याचा धंदा हाती घेतला, आणि आज खेड्यातील बँडाच्या माळ्यावर जो ड्रम सापडतो तो बहुधा मीरतचाच असतो. क्वचित मात्र असे भांडे हाती लागते की त्याचा काठ, त्याच्या मध्यावरचा उठावाचा पट्टा आणि त्याचे नट-बोल्ट पाहताच ते परदेशी कारखान्यातले आहे हे कळते: शिकागोस १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी काढलेल्या कारखान्यातले, नाहीतर लंडनमध्ये १९२२ साली निघालेल्या प्रीमियर कंपनीचे. मुंबईच्या हॉटेलांतील जाझ वाजविणाऱ्या गोव्याच्या वादकांनी, आणि सिनेसंगीताच्या ध्वनिमुद्रणात ताल सांभाळणाऱ्या कावस लॉर्ड व त्यांचे पुत्र केर्सी आणि बुजी अशा मंडळींनी पाश्चात्य धाटणीच्या ह्या वाद्यांना हिंदी गाण्यात बसविले. १९५१ च्या ‘अलबेला’त आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेट ह्या तुतारीवादकाला सोबत घेऊन जो नाच जमविला, त्याच्या पायाखाली हाच ड्रम होता. मुंबईतली ही जुनी वाद्ये हस्ते-परहस्ते उपनगरांत आणि उपनगरांतून पुढे लोकल गाडीच्या शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचली असल्यास त्यात नवल नाही.

पोचा म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पत्रा वाकला एवढेच म्हटल्याने काम भागत नाही. पत्रा आत दबतो तेव्हा दबलेल्या खळग्याभोवती एक उंचवटा उठतो, आणि खळग्याला आत धरून ठेवणारा ताण ह्या उंचवट्यात साठलेला असतो. म्हणून खळग्याच्या मध्यावर आतून घणाघात करणारा माणूस, त्याने कितीही जोर लावला तरी, पोचा काढीत नाही, तो एका पोच्याच्या जागी दोन करतो. खोपोलीचा जाणता डेंटर तसे करीत नाही. तो आधी डोळे मिटल्यासारखा पत्र्यावरून तळवा फिरवितो, कारण डोळ्यास न दिसणारा उठाव तळव्यास कळतो. नंतर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पत्र्यावर पाडून ती रेषा कोठे तुटते ते पाहतो. आणि मग खळग्याच्या परिघाशी, जेथे पत्रा सर्वांत शेवटी वाकला असेल तेथे, बाहेरून उंचवट्यावर हलके टोले आणि आतून डॉली ह्या पोलादी ठोकळ्याचा आधार अशी सुरुवात करून वर्तुळावर्तुळाने मध्याकडे सरकतो. जे शेवटी वाकले ते आधी सुटावे हा त्यातील न्याय आहे. ड्रमालाही हाच न्याय लागू पडतो, आणि म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे: हात येथे आहेत, आणि ते चांगले आहेत.

तथापि मोटारीच्या पत्र्याने ह्या हातांना दोन सवयी लावून ठेवल्या आहेत, आणि त्या दोन्ही ड्रमास घातक आहेत. पहिली सवय लांबीची. मोटारीचा पत्रा शेवटच्या केसापर्यंत सरळ करण्याची गरज नसते. उरलेला खोलगटपणा लांबी भरून, घासून, वर रंग मारून झाकता येतो, आणि त्यात काही लबाडीही नाही, कारण मोटार वाजवायची नसते. ड्रमाच्या निकेल वा क्रोम चढविलेल्या अंगावर लांबीला जागाच नाही. जे असेल ते आरशासारखे उघडे पडते. दुसरी सवय गॅसच्या बत्तीची. पोलादी हातोडी आणि पोलादी डॉली ह्यांच्या चिमट्यात पत्रा वारंवार सापडला की तो पातळ होतो, पातळ झाला की त्याचे क्षेत्रफळ वाढते, आणि वाढलेल्या क्षेत्रफळास जागा न उरल्याने तो फुगतो; बोट लावले की आत जातो, सोडले की बाहेर येतो. मोटारीचा असा फुगलेला पत्रा डेंटर बत्तीने ठिपक्याएवढा लाल करून ओल्या फडक्याने विझवितो, तेव्हा तो आकसून ताठ होतो. हाच उपाय क्रोमच्या मुलाम्यावर केला तर मुलामा काळवंडतो, उकलतो, आणि जे नुकसान पोच्याने केले नव्हते ते दुरुस्तीने होते.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर आगीचे नावच नको. लुडविगने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ज्या ‘सुप्राफोनिक’ ड्रमाने जगभर नाव मिळविले, त्याचे भांडे वरून क्रोम दिसत असले तरी आतून ॲल्युमिनियमचे असते. चुंबक त्यास चिकटत नाही म्हणून ते पितळ समजणारे पुष्कळ भेटतात, परंतु हातात घेताच कळते, कारण पितळाची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक आहे. पितळ तापले की लालीने खबर देते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळते आणि तोवर रंगाने कोणतीही पूर्वसूचना देत नाही; आता तापू लागले म्हणेपर्यंत भोक पडलेले असते. शिवाय ॲल्युमिनियमवर क्रोम मुळातच नीट धरत नाही. जुन्या सुप्राफोनिकच्या अंगावर मुलामा फुगून बारीक पुटकुळ्या उठतात आणि पुढे पापुद्रे सुटतात, आणि हे कोरड्या मुलखातही होते, मग जेथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो त्या कर्जतची कथा काय सांगावी! अशा भांड्यावरचा पोचा थंड धातूवर, लाकडाने आणि संयमाने जेवढा निघेल तेवढाच काढावा.

लाकडाने म्हणजे कसा, हे सांगितले पाहिजे. भांड्याच्या बाहेरच्या गोलाईस, म्हणजे सात इंच त्रिज्येस, जुळेल असा साग किंवा शिसवीचा ठोकळा कोरून घ्यावा. तो बाहेरून पोच्याला घट्ट लावावा. आणि आतून दुसऱ्या, बहिर्वक्र तोंडाच्या लाकडाने आधी नुसते दाबून पाहावे, कारण कोवळा पोचा पुष्कळदा दाबानेच परततो आणि टोल्याची गरज पडत नाही. टोला द्यायचाच तर तो लाकडी मोगरीचा अथवा कच्च्या चामड्याच्या हातोड्याचा द्यावा. धातूवर धातू कधीही आदळू नये. तत्पूर्वी वरची-खालची चामडी, रिंगा, तारा, तारांची कळ आणि ताणाचे स्क्रू ज्यांत बसतात ते सर्व लग उतरवून प्रत्येकाची जागा कागदावर टिपून ठेवावी, कारण जुन्या वाद्याचे स्क्रू वापराने आपापल्या भोकाशी जुळलेले असतात आणि अदलाबदलीने त्यांचे आटे बिघडतात. लगाच्या खाली आलेला पोचा लग न काढता ठोकणे हा तर शुद्ध आडमुठेपणा होय. पत्रा सरकायला जागा शोधतो, ती मिळाली नाही की स्क्रूच्या भोकापाशी फाटतो.

डेंटरच्या गॅरेजाचा हा हिशेब झाला. परंतु धातूच्या भांड्याला हातोडीने घडविण्याची विद्या आपल्या मुलखात मोटारीपूर्वी कित्येक शतके नांदत होती, आणि तिचा विचार न करता पोच्याविषयी बोलणे अपुरे होईल. कोकणातून पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यास गेलेल्या तांबटांची आळी आजही कसबा पेठेत आहे. हांडे, घंगाळे, पाण्याचे बंब आणि नगाऱ्यांची भांडी ठोकणाऱ्या ह्या लोकांच्या कामातील शेवटचा आणि सर्वांत देखणा संस्कार म्हणजे मठारकाम. तयार भांडे खरवईच्या टेकूवर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर एकास एक लागून असंख्य टोले असे द्यायचे की प्रत्येक टोल्याची चकाकती टिकली उमटावी आणि तिच्या शेजारची तिला चिकटून असावी. परक्या माणसाला ती केवळ नक्षी वाटते. तांबटाला माहीत असते की मठारल्याने तांबे ताठ होते. मऊ पत्र्याचा हंडा भरून उचलला तर वाकेल, मठारलेला वाकत नाही. धातुशास्त्र हेच निराळ्या शब्दांत सांगते: थंड धातूवर आघात झाला की त्याच्या कणरचनेतील स्खलने एकमेकांत गुंततात आणि पुढचे स्खलन अवघड होते, म्हणजे धातू कठीण होतो. आता गंमत अशी की पोचा ज्या क्रियेने पडतो तीच ही क्रिया आहे. टेम्पोतून पडताना बसलेला आघात आणि तांबटाने मोजून दिलेला आघात ह्यांत धातूच्या दृष्टीने जातीचा भेद नाही. भेद आहे तो योजनेचा. पाश्चात्य कारखान्यांनीही पुढे मुद्दाम ठोकलेल्या अंगाची स्नेअर ड्रमची भांडी काढली आणि ती गुळगुळीत भांड्यांहून अधिक दामाने विकली, ह्यावरून टिकल्याटिकल्यांचे अंग नादास बाधत नाही हे सिद्ध व्हावे.

तांबटाकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे नरम करणे. ठोकून ठोकून पत्रा ताठ झाला की तो पुढे वळत नाही, फुटतो; म्हणून तांबट मधूनमधून भांडे भट्टीत घालून नरम करून घेतो आणि पुन्हा ठोकण्यास बसतो. जुन्या पितळी ड्रमावर पोचा एकदा पडून, एकदा काढून, पुन्हा त्याच जागी पडलेला असला, तर तेथील पितळ हट्टी झालेले असते, आणि तिसऱ्यांदा ठोकणाऱ्याच्या पदरी चीर येण्याचा संभव असतो. मुलामा नसलेले नुसते पितळी भांडे असेल तर काळोखात मंद लाली दिसेपर्यंत ती जागा तापवून नरम करता येते. पण मग ती जागा शेजारच्या पत्र्यापेक्षा मऊ राहते आणि पुढचा पोचा अगत्याने तेथेच येतो. तांबट संपूर्ण भांडे नरम करून संपूर्ण भांडे पुन्हा मठारतो, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. ड्रम दुरुस्त करणाऱ्याला ही चैन परवडणारी नाही.

येथे एक जुनी लष्करी हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती पाऊस, पितळ आणि हिंदुस्थान ह्या तिघांचीही आहे. इंग्रज सरकारच्या पलटणींनी पावसाळ्यात पितळी काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवावीत, आणि पावसाळा सरून ती बाहेर काढावीत तो त्यांना आपोआप चिरा गेलेल्या आढळाव्यात, असा प्रकार वारंवार घडू लागला. न कोणी ती आपटली होती, न उडविली होती.  पुढे १९२१ मध्ये ह्याचा उलगडा रीतसर प्रसिद्ध झाला: काडतूस घडविताना पितळात कोंडून राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून दमट हवेत पसरणारा अमोनिया, ही दोन कारणे एकत्र आली की पितळ कणांच्या सीमेवरून उलते, दोहोंपैकी एक नसले तर उलत नाही. अमोनिया टाळणे नेहमीच हाती नसते, म्हणून उपाय ठरला तो ताण काढून टाकण्याचा: घडलेले पितळ सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत सावकाश तापवावयाचे. तेवढ्या उष्णतेने पितळ मऊ पडत नाही, परंतु आतला ताण निवतो.

कर्जत-खालापूरच्या बँडवाल्याने ही हकीकत ध्यानी धरावी असे मी म्हणतो ते उगाच नव्हे. ठोकून पोचा काढलेले पितळी भांडे हे ताण कोंडलेले भांडे असते. असे भांडे जर गोठ्याच्या माळ्यावर, शेळ्यांच्या दावणीशेजारी किंवा वटवाघळांनी वस्ती केलेल्या जुन्या देवळाच्या सोप्यात चार महिने ओल्या हवेत ठेवले, तर दिवाळीत खाली काढताना दुरुस्तीच्या जागेपाशी केसाएवढी चीर दिसण्याचा संभव असतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या डेंटरच्या माथी येतो. पावसाळ्यात वाद्य घरात, माणसांच्या राहत्या खोलीत ठेवावे. ह्याहून स्वस्त दुरुस्ती नाही.

आता काठाकडे वळू, कारण माझ्या मते सारा प्रश्न काठाचा आहे. ड्रमाचा आवाज मुख्यत्वे चामड्याचा असतो. भांड्याचा त्यात वाटा असतो, पण तो धाकट्या भावाचा. भांड्याच्या पोटावर, मध्याच्या पट्ट्याच्या वरखाली, रुपयाएवढा उथळ पोचा असला तर तो कानाने ओळखून दाखविणारा वादक मला अद्याप भेटावयाचा आहे. काठाचे तसे नाही. चामडे टेकते ते काठावर. त्या वर्तुळाची पातळी एका जागी तसूभर जरी ढळली तरी तेथे चामड्यास टेकू मिळत नाही, ताण असमान होतो, चावी कितीही फिरविली तरी सूर एका बाजूस चढा आणि दुसऱ्या बाजूस उतरता राहतो, आणि वादक आपल्याच कानाला दोष देत बसतो. त्यातून आणखी एक फरक काळाने घडविला. जुन्या काळी खऱ्या चामड्याची पाने ओली करून लाकडी कड्यावर दुमडून चढवीत. ती भांड्याच्या आकाराशी जुळवून घेत, भांडे थोडे लंबगोल झाले असले तरी रुसत नसत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली प्रभृतींनी प्लॅस्टिकची पाने बाजारात आणली. कोकणच्या पावसात चामडे सैल पडून विसर्जनाच्या दिवशीच वाद्य मुके व्हावे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रड त्यांनी मिटविली, ह्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण प्लॅस्टिकचे पान धातूच्या ठरीव कड्यात पक्के बसविलेले येते आणि ते तडजोड करीत नाही. भांडे दोन-तीन मिलीमीटरने लंबगोल झाले की पान एकीकडे अडते आणि दुसरीकडे खुळखुळते. म्हणजे पूर्वी जी विकृती खपत होती ती आता खपत नाही.

काठ तपासण्याची रीत साधी आहे. जाड काचेच्या तुकड्यावर भांडे पालथे ठेवावे, खोलीत काळोख करावा, आत विजेरी पेटवून ठेवावी आणि बाहेरून सभोवती पाहावे. जेथून प्रकाश फुटतो तेथे काठ खाली गेला आहे. व्यास चार-सहा दिशांनी मोजला की गोलाईतील खोट कळते. बाहेर वळलेला काठ खाच पाडलेल्या कठीण लाकडाच्या तुकड्यात धरून थोडा थोडा, पुढे-मागे दोन्ही बाजूंना सरकत, आत आणावा. एकदम आणू गेल्यास तेथे घडी पडते, आणि घडी पूर्णपणे कधीच निघत नाही.

आणि येथे, भांड्याच्या खालच्या काठापाशी, ती चूक घडते जिच्यामुळे उत्तम कारागीरही ह्या वाद्याचा घात करतो. खालच्या बाजूस तारा ज्या दोन समोरासमोरच्या ठिकाणी काठ ओलांडतात, तेथे कारखान्याने काठ मुद्दाम किंचित खाली दाबलेला असतो. हा उतार कित्येकदा एवढा हलका आणि लांबवर पसरलेला असतो की डोळ्यास तो वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी आलेला वाटावा. विजेरीच्या कसोटीत नेमका तेथूनच प्रकाश फुटतो. ज्याने आयुष्यात ड्रम उघडून पाहिलेला नाही असा प्रामाणिक, कसबी आणि ग्राहकाचे पैसे वसूल करून देण्याची आच असलेला कारागीर काय करील? तो ते दोन्ही उतार सरळ करून देईल, काचेवर भांडे ठेवून दाखवील, कोठूनही तिरीप येत नाही हे पाहून मालकही खूश होऊन पैसे मोजील. आणि घरी जाऊन तारा चढविल्यावर त्या चामड्याला सपाट टेकण्याऐवजी काठावरच अडून अधांतरी राहतील. मग त्या घट्ट केल्या तर आवाज गुदमरतो, सैल केल्या तर शेजारी बासरी वाजली तरी त्या झणझणतात. तारांनी हलक्या टोल्यास तत्काळ उत्तर द्यावे ही ह्या वाद्याची सारी अब्रू, आणि ती त्या दोन उतारांवर उभी असते. डग्ग्याला किंवा ताशाला असे काही नसल्याने आपल्याकडील कारागिराला ह्याची कल्पना नसणे स्वाभाविक आहे. ती देणे हे मालकाचे काम आहे. काम देण्यापूर्वी त्या दोन जागांवर खडूने खूण करून ‘येथे हात लावावयाचा नाही’ असे स्पष्ट बजावावे.

चकाकीविषयी दोन शब्द. पोचा निघाल्यावर मुलामा नव्याने चढवून घेण्याचा आग्रह जवळजवळ प्रत्येक मालक धरतो. जुन्या ड्रमावरचा मुलामा हा त्याच्या वयाचा दाखला असतो: किंचित पिवळसर झाक असलेले निकेल बहुधा जुने, निळसर झाक असलेले क्रोम त्यानंतरचे, कारण क्रोमचा धंदेवाईक मुलामा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रुळला. नवा मुलामा देण्यापूर्वी जुना उतरवून धातू घासून चकचकीत करावा लागतो. त्यात भोकांच्या कडा झिजतात, कोरीव नक्षी बुजते आणि काठाची धार मारली जाते. संग्राहक म्हणूनच पुन्हा मुलामा दिलेल्या भांड्यास कमी किंमत देतात. शिवाय क्रोमच्या हौदातील द्रावण विषारी आहे, आणि आडगल्लीतला परवाना नसलेला मुलामेवाला ते शेवटी कोठे ओततो हा प्रश्न ज्याच्या घरात पाताळगंगेचे पाणी येते त्याने तरी विचारला पाहिजे. खोपोलीस टाटांचे वीजघर १९१५ मध्ये चालू झाल्यापासून घाटमाथ्यावरचे पाणी जनित्रे फिरवून ह्या नदीत उतरते आणि खालापूर तालुका ओलांडून खाडीपर्यंत कारखाने व गावे ह्यांस पुरते. ड्रम चमकविण्यासाठी ते नासवावे एवढी त्या चमकेची योग्यता नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. काठावरचा पोचा काढलाच पाहिजे, आणि तो लाकडाने, थंड धातूवर, घाई न करता काढला पाहिजे. लगापाशी ताण घेणाऱ्या जागेवरचा पोचा काढावा. भांडे लंबगोल झाले असेल तर ते गोल करून घ्यावे. पोटावरचा उथळ पोचा, ज्याने चामड्यास, तारांस वा स्क्रूस काही पीडा नाही, तो ठेवावा. त्याच्यासाठी मारलेला प्रत्येक टोला धातूस पातळ करतो, कठीण करतो आणि त्यात नवा ताण कोंडतो, आणि मोबदल्यात मिळते ते केवळ डोळ्याचे समाधान. गावोगावच्या भजनी मंडळांतील डग्गे अंगावर दहा-दहा पोचे वागवून उत्तम घुमतात, आणि कोणीही त्यांस कमी लेखीत नाही. ड्रमाच्या बाबतीतच आपल्याला नवेपणाची एवढी हाव का सुटावी?

ह्या दोन तालुक्यांतील शाळांचे मुख्याध्यापक आणि बँडांचे मालक ह्यांस शेवटी एक विनंती आहे. जडवस्तूंच्या नोंदवहीत निकामी म्हणून शेरा मारलेला किंवा माळ्यावर धूळ खात पडलेला पितळी ड्रम भंगारात तोलून घालण्यापूर्वी त्याचे भांडे उघडून एकदा काचेवर ठेवून पाहा. पितळाचा भाव वजनावर ठरतो, आणि अशा भांड्याचे वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरते. म्हणजे हाती येणारी रक्कम फारशी नाही. काठ शाबूत असेल, किंवा घाटाखालच्या एखाद्या चांगल्या डेंटरच्या हाताने तो शाबूत करता येण्याजोगा असेल, तर दोन नवी पाने आणि तारांचा एक नवा संच घेऊन तो वाजविणाऱ्याच्या खांद्यास लावून द्यावा.